सोलापुरी हवेत हिरवी वैरण : वाचकांचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पाचांचाही संबंध हवेशी आहे : थंडी, ऊन, पावसाचा खंड आणि सावली.

प्रश्न : वीस गुंठे संकरित नेपिअर गवत आहे. पावसाळ्यात 45 दिवसांत कापणीला येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र दोन महिने झाले तरी मांडीच्या वर जात नाही. युरिया दिला, पाणी दिले, फरक पडला नाही. बेणे खराब निघाले का?
— पशुपालक, मोहोळ तालुका

बेण्यात खोट नाही. नेपिअर, गिनी, पॅरा, अंजन, मारवेल ही सगळी उष्ण कटिबंधातली गवते. त्यांची वाढ 30 ते 35 अंशांना सर्वांत जोरात असते, 20 च्या खाली मंदावते आणि रात्रीचा पारा 10-12 वर आला की जवळपास थांबते. सोलापुरात थंडीतही दुपारी 30 अंश असतात, म्हणून अडचण लक्षात येत नाही. अडवते ती रात्र. दिवसभर पानात तयार झालेले पिष्ट रात्री विरघळून खोडाकडे आणि फुटव्यांकडे जायला हवे. थंड रात्री ते पानातच साचून राहते आणि दुसऱ्या दिवशी पानाचे कामही मंदावते. पहाटे शेतात जाऊन पाने पाहा. शेंडे जांभळट-तांबूस दिसतील, नवे पान पोंग्यातून अर्धेच बाहेर आलेले असेल.

त्यात दिवस लहान, जेमतेम 11 तासांचा. लहान दिवसात नेपिअर फुलावर येते. तुरे निघाले की खोड टणक होते आणि पाला कमी पडतो.

अशा वेळी युरिया देणे वाया तर जातेच, शिवाय धोक्याचेही आहे. वाढ नसल्याने मुळांनी उचललेला नत्र खोडाच्या बुडख्यात नायट्रेटच्या रूपात साठतो आणि तो जनावरांना बाधतो. म्हणून प्रत्येक कापणीनंतरचा एकरी 22 किलो युरिया (वीस गुंठ्यांना 11 किलो) फेब्रुवारी ते ऑक्टोबर याच काळात द्या. नोव्हेंबरच्या मध्यावरची कापणी झाली की खत थांबवा आणि पाण्याच्या पाळ्या 15-20 दिवसांवर न्या. थंडीत कापणी दिवस मोजून करू नका, उंची बघून करा. गवत चार फुटांवर गेले की कापा, मग त्याला 60 दिवस लागोत की 70. जमिनीपासून वीतभर खुंट ठेवा. खुंटातल्या साठ्यावरच पुढचा फुटवा येतो. थंडीत जमिनीलगत कापलेली ठोंबे फेब्रुवारीत पोकळ निघतात, ती यामुळेच.

थंडीतला खड्डा थंडी मानवणाऱ्या पिकानेच भरतो. वीसपैकी पाच-सहा गुंठे लसूणघास किंवा ओटसाठी राखा. लसूणघासाचे बी एकरी 10 किलो, दोन ओळींत एक फूट अंतर, पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पहिली कापणी 50-55 दिवसांनी आणि पुढच्या 25 ते 30 दिवसांनी मिळतात. नुसती हिरवी लसूणघास उपाशी जनावराला घातली की पोट फुगते, म्हणून आधी थोडा कडबा द्या. ओटचे बी एकरी 40 किलो लागते. तो मार्चच्या उन्हापर्यंतच टिकतो. बाजारात कोणत्याही आकर्षक नावाने विकले जाणारे नेपिअर बेणे घेतले तरी थंडीचा हिशोब हाच राहतो.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये पाणी असूनही नेपिअरचे शेंडे करपतात, पाने चरबट होतात आणि दूध उतरते. कशामुळे?
— दूध उत्पादक, पंढरपूर तालुका

पाणी किती आहे ते मोजून पाहू. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 100 लिटर. पारा 42 वर, कोरडे वारे आणि गवत पूर्ण वाढलेले असेल तर ते दिवसाला 7-8 मिलिमीटर पाणी उडवते. म्हणजे गुंठ्याला रोज 700 ते 800 लिटर, वीस गुंठ्यांना 14 ते 16 हजार लिटर. विहिरीला किंवा बोअरला रोज एवढे पाणी नसेल तर गवत पानावरची रंध्रे (बारीक छिद्रे) मिटून घेते. मग वाढ थांबते, पान गुंडाळते आणि शेंडा करपतो.

या जातीची गवते उष्णतेला तशी तयारच असतात. पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत ती कार्बन डायऑक्साइड दाटून धरतात, त्यामुळे रंध्रे कमी उघडूनही त्यांचे काम चालते. गव्हाच्या मानाने तेवढ्याच पाण्यात ती जास्त वैरण देतात. पण पाण्याशिवाय 42 अंश सोसायला लावले की हा फायदा उरत नाही.

पाणी कमी असेल तर क्षेत्र कमी करा. आठ गुंठ्यांना पुरेसे पाणी दिले तर वीस गुंठ्यांच्या अर्धपोटी गवतापेक्षा जास्त आणि मऊ वैरण मिळते. उरलेले बारा गुंठे वाळवू नयेत, महिन्यातून एक हलके पाणी देऊन ठोंबे जिवंत ठेवावीत. जूनच्या पावसावर ती पुन्हा फुटतात. ओळींमध्ये उसाचे पाचट चार बोटे जाड अंथरा आणि पाणी संध्याकाळी सोडा. भारी रानात पाळी आठ दिवसांपलीकडे गेली की जमीन भेगाळते आणि पुढचे पाणी भेगांतून खाली निघून जाते.

दूध उतरण्याचे कारण वेगळे. उन्हाळ्यात पेशींच्या भिंती लवकर काष्ठमय होतात. जुलैत 45 दिवसांचे नेपिअर मऊ असते, मेमध्ये तेवढ्याच दिवसांचे दांडके होते. उन्हाळ्यात 35-40 दिवसांवर कापा आणि बारीक कुट्टी करून घाला. जनावरालाही ऊन लागतेच, त्यामुळे सगळा दोष वैरणीवर टाकता येणार नाही. हिरवी वैरण पहाटे आणि रात्री द्यावी.

प्रश्न : चार एकर मुरमाड पडीक आहे. जूनच्या पहिल्या पावसावर अंजन गवताचे बी फेकले. थोडे उगवले, तेही जुलैत जळून गेले. पुन्हा बी घ्यावे का?
— मेंढपाळ, सांगोला तालुका

बी घ्या, पण तसेच फेकू नका. जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस 550 मिलिमीटरच्या आसपास आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. जूनमध्ये एक-दोन सरी येतात आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडते. अंजनाचे रोप त्या वेळी दोन-तीन पानांवर असते, मूळ बोटभर. मुरमाची वरची ओल चार दिवसांत उडते आणि रोप जाते. एकदा मूळ खोल गेले की हेच गवत महिन्याचा खंड सहज काढते.

बियाणेही बघून घ्यायला हवे. अंजनाचे ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते, म्हणून मागच्या हंगामाचे बी घ्या. केसाळ असल्याने ते एकमेकांत गुंतते, वाऱ्याने उडते, मुंग्या नेतात. ओली माती आणि शेणात कालवून त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सावलीत वाळवा. एकरी दोन किलो बी पुरते. गोळी अर्ध्या बोटापेक्षा खोल गेली की कोंब वर येत नाही.

सांगोल्याच्या पावसाला आमची पसंती रोपलागणीला आहे. मेअखेरीस पाण्याच्या सोयीजवळ एक-दोन गुंठ्यांत रोपे करा. दोन दमदार पाऊस होऊन वीतभर ओल गेली की पाच-सहा आठवड्यांची रोपे दीड-दीड फुटावर लावा. एकराला सुमारे 19 हजार रोपे लागतात, म्हणून चार एकर एकदम धरू नका. पहिल्या वर्षी एक एकर लावा, त्याचे बी पुढच्या तीन एकरांना होईल. ओळी उताराला आडव्या घ्या. मधूनमधून स्टायलो या शेंगवर्गीय चारापिकाचे बी टाका, म्हणजे वैरणीत प्रथिने वाढतात. त्याचे कवच कडक असते, म्हणून 80 अंशांच्या पाण्यात चार मिनिटे ठेवून रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे.

रानात काळ्या मातीचा पट्टा किंवा बांध असेल तिथे मारवेलची ठोंबे लावा. मुरमावर अंजनच चालते, त्याला साचलेले पाणी सोसत नाही.

पहिले वर्ष मेंढरे आत सोडू नका. कोवळे ठोंब मुळासकट उपटून येते. दुसऱ्या वर्षापासून फुलोऱ्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, चार-पाच बोटे खुंट ठेवून कापा. बी झडेपर्यंत थांबलात तर प्रथिने निम्म्याहून खाली येतात आणि हातात काड उरते. माळावर आपोआप येणाऱ्या कुसळी गवताबाबत तर घाई हवीच. त्याच्या बियाला टाचणीसारखे टोक आणि पिळदार काळी शेपटी असते. दव पडले की शेपटी पीळ सोडते, ऊन लागले की पुन्हा वळते आणि बी लोकरीतून कातडीत शिरते. जिथे कुसळी जास्त आहे तो तुकडा निसवण्याआधी (तुरे बाहेर पडण्याआधी) कापून घ्या.

प्रश्न : डाळिंबाच्या दोन ओळींत गिनी गवत घेता येईल का? ते सावलीत येते म्हणतात.
— बागायतदार, सांगोला तालुका

सावलीत येते हे खरे. गिनी अर्ध्या सावलीतही चांगले चालते, नेपिअर तिथे लांबट आणि विरळ होते. पण डाळिंबात घेऊ नका. बहार धरताना, म्हणजे फुले एकदम यावीत म्हणून, तुम्ही बागेचे पाणी तोडता. त्या ताणात गवत वाळेल, किंवा गवतासाठी पाणी दिलेत तर बागेला ताण बसणार नाही. चिंच-आंब्याच्या कडेला, गोठ्याच्या पाण्यावर गिनी लावा.

प्रश्न : कडवळ (चाऱ्याची ज्वारी) गुडघाभर असताना पावसाने ओढ दिली, पाने सुकली. आता पाऊस पडून नवे फुटवे आलेत. जनावरांना घालू का?
— शेतकरी, अक्कलकोट तालुका

आता अजिबात घालू नका. किराळ लागण्याचा, म्हणजे कोवळ्या ज्वारीने विषबाधा होण्याचा, सर्वांत मोठा धोका याच वेळी असतो. ज्वारीच्या कोवळ्या पानात एक द्रव्य असते. पान चावले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. पाण्याच्या ताणात ते वाढते आणि ताणानंतरच्या पहिल्या फुटव्यात सर्वांत जास्त असते. पीक निम्मे फुलोऱ्यात येईपर्यंत थांबा. फारच नड असेल तर कापून कडकडीत वाळवून, इतर वैरणीत मिसळून, पोट भरलेल्या जनावराला थोडे द्या. अर्धवट सुकवलेले चालणार नाही. बाजरी आणि नेपिअरला हा धोका नसतो, तोवर तीच वैरण वापरा.

जनावर चरल्यावर पाव-अर्ध्या तासात धापा टाकू लागले, थरथरले, डोळ्यांची व हिरड्यांची आतली त्वचा लालभडक दिसली तर त्याला लगेच कडवळापासून बाजूला घ्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावे लागते. फोनवरच किराळाचा संशय सांगा, म्हणजे औषध सोबत येईल. धापा टाकणाऱ्या जनावराला तोंडाने काही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. त्याच रानातली बाकीची जनावरे आधी बाहेर काढा.