मार्गशीर्षात खानदेशात जा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी दोनदा वाचली. नऊ दिवस, अकरा गावं, प्रत्येक गावातला एक पदार्थ आणि त्यापुढे हॉटेलचं नाव. खूप शोधाशोध केली आहेस. तरी सांगतो, ती यादी बाजूला ठेव. नऊच्या नऊ दिवस एकाच मुलखात राहा. तो मुलूख खानदेश असू दे आणि महिना मार्गशीर्ष.

जळगावपुढे तू फक्त 'वांग्याचं भरीत' लिहिलं आहेस. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून आहेत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ती वांग्याला हात लावतात. त्याच सुमारास भरताची वांगी भरात असतात. फिकट हिरवी, पंजात न मावणारी, बिया कमी. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यांसाठी ओळखलं जातं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि त्याच दिवसांत कपाशीच्या वेचण्या उरकत आलेल्या असतात, रानात वाळकी पऱ्हाटी उभी असते. वांगी भाजायची ती या काड्यांवर. त्या भडकन पेटतात. साल काळीठिक्कर पडते, गर आतल्या आत शिजतो आणि धूर धरतो. गॅसच्या शेगडीवर हा वास येत नाही, मी पुष्कळ करून पाहिलं आहे.

पीक, सरपण, व्रत आणि थंडी या चारही गोष्टी एका महिन्यात जुळून येतात, म्हणून तिथे तेव्हा भरताच्या पार्ट्या होतात. जुलैमध्ये गेलास तर हॉटेलात भरीत मिळेल, चवही चांगली असेल. पण ते तिथलं का, हे तुला कळणार नाही. तुला तेच कळून घ्यायचं आहे असं तू पत्रात लिहिलं होतंस, म्हणून इतकं सांगतो आहे.

शेतातल्या भरताला गेलास तर पाहुण्यासारखा खाटेवर बसू नकोस. घरातल्या चुलीपाशी परक्या पुरुषाला सहज जागा मिळत नाही, मिळावी असा हट्टही धरू नये. शेतातला जाळ मात्र बहुतेक वेळा पुरुषच सांभाळतात, तिथे तुला काम मागता येईल. वांगी उलटायला घे. साल गरम असतानाच सोलावी लागते, बोटं पोळतात. देठ तोडायचा नाही, तो धरूनच साल निघते. मग गर लाकडी बडगीत घालून ठेचतात. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, कुठे खोबऱ्याचे काप. हळद नाही, लाल तिखट नाही, भरीत हिरवट पांढरंच राहतं. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळला की त्या पिठाला कळणा म्हणतात.

या कळण्यावरूनच माझी एक चूक सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका माउलीला मी विचारत सुटलो, किती वाट्या ज्वारी, किती वाट्या उडीद, किती मिनिटं भाजायचं. वही उघडीच होती. तिने दोन-तीनदा उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि मग गप्प झाली. तिचं माप ओंजळीचं होतं, आणि पीठ मळताना हाताला काय लागतं यावर ती ठरवत होती. माझ्या प्रश्नांनी तिला आपल्याला काही येत नाही असं वाटायला लावलं. तिची ती गप्प झालेली मुद्रा मला अजून आठवते. तू वही खिशात ठेव. आधी लसूण सोल, पात निवड. लिहायचं ते रात्री लिही, आणि पाककृतीच्या आधी शब्द लिही. तिथे लाल भोपळा म्हणजे गंगाफळ, अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. अहिराणीत 'माझा' म्हणायला 'मना' म्हणतात, आणि रावेर-यावलकडे गेलास की लेवा बोली कानावर पडेल. चार शब्द तुझ्या तोंडी आले की समोरचा माणूस तुझ्याशी शहरी मराठीत बोलायचं थांबवतो, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या पंगतीचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नकोस. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असेल. बट्टी हाताने कुस्करायची, वर वरण आणि तूप. जेवताना एवढं बघ: पहिल्या पंगतीला कोण बसलं, वाढायला कोण होतं, बायका कितव्या पंगतीला बसल्या आणि तोवर त्यांच्या पानात काय उरलं होतं. पूर्वी कोण कुणाच्या पंगतीला बसत नसे हे म्हातारी माणसं सांगतात, विचारणाऱ्याचा सूर न्यायनिवाड्याचा नसेल तर. अन्नाच्या परंपरेवर लिहिणारे हा भाग वगळतात. तू वगळू नकोस.

पैशांचं. घरी जेवलास तर पैसे पुढे करू नकोस, त्यांना लागेल. त्यांच्याच शेतातली वांगी, घरचे बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड विकत घे. पण खापरावरचे मांडे करून संसार चालवणाऱ्या बायकाही आहेत. तिथे ती सांगेल तो भाव दे, घासाघीस करू नकोस. उलट्या मातीच्या खापरावर, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत, कोपरापर्यंत वाढवलेली पुरणाची पोळी टाकायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. फोटो काढायचा तर आधी विचार.

मांडे मात्र या खेपेला शोधू नकोस. ते आखाजीला, आमरसासोबत. अनेक घरांत पितरांच्या नावाने घागर पुजून नैवेद्य झाल्याशिवाय आंबा तोंडात घालत नाहीत. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात. त्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा जा. ऊन भयंकर असतं, तरी जा.

भुसावळला उतरून फैजपूरची एसटी घे, खिडकीशी बस, केळीच्या बागा दिसू लागतील. रात्री रानात चांगलंच गारठतं, घोंगडी नाहीतर जाड शाल ने.

आणि येताना किलोभर कळण्याचं पीठ आण. इथला गिरणीवाला ज्वारीत उडीद घालून दळायला तयार होत नाही.

तुझा,
काका