1952 च्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचे का? ठाण्यात कशी झाली होती?

नाही, शिक्का वगैरे काही नव्हता, प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, म्हणजे काँग्रेसची बैलजोडी, सोशालिस्टांचं झाड असं, आणि मतपत्रिका जवळपास एक रुपयाच्या नोटेएवढी, ती पडद्यामागे जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची, झालं. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं म्हणून ही आयडिया, सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. माझी आजी तेव्हा कळव्याला राहायची, तिने स्वतः असंच मत दिलेलं, आणि आयोगाच्या त्या निवडणुकीच्या रिपोर्टमध्येही हीच पद्धत आहे. या लोखंडी पेट्यांपैकी लाखो तर इथेच विक्रोळीला गोदरेजमध्ये बनल्या, लोकलने गेलात तर स्टेशन लागतंच.

फक्त एक, ठाणे लोकसभेला तेव्हा दोन खासदार होते, त्यातली एक जागा आदिवासींसाठी राखीव, त्यामुळे इथे प्रत्येकाला दोन मतं होती पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. शिक्क्याची पद्धत बहुतेक ठिकाणी 1962 ला आली.