ऑर्डर आमची आधी, जेवण त्यांचं आधी!

प्रश्न: नमस्कार ताई, विषय किरकोळ वाटेल पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आमचं गाव छोटं, घरच्या सगळ्यांना घेऊन बसता येईल असं रेस्टॉरंट एकच. सासूबाईंचा वाढदिवस म्हणून गेलो तर मेन्यूकार्ड मिळायलाच इतका वेळ की पोरं टेबलावर आडवी झाली, ऑर्डर घेऊन गेलेला मुलगा परत फिरकलाच नाही, आणि आमच्या मागून आलेलं टेबल जेवून बिल देऊन गेलंसुद्धा! मग जे आलं त्यातली एक डिश आमची नव्हतीच, सांगितलं तर म्हणे "तुम्ही हेच सांगितलं होतं". मालक गल्ल्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून. मिस्टर म्हणाले जाऊ दे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, त्यांची मुलगी आपल्याच पोरीच्या वर्गात आहे. गपचूप बिल भरून आलो. आता बहीण म्हणते गूगलवर एक स्टार ठोक. ठोकू का? – धुमसणारी वाचक

उत्तर: आधी ते मागून आलेलं टेबल, कारण खरी आग तिथेच लागलीये ना? तुमची ऑर्डर घेतली की केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, किचनमध्ये जाते. आता दोघांच्या टेबलाने तयार असलेलं काहीतरी मागवलं तर ते पटकन बाहेर पडणारच, आणि सात-आठ जणांनी सात-आठ वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर सगळं एकदम वाढता यावं म्हणून झालेल्या डिशही थांबवून ठेवतात. एवढ्यापुरतं मागून आलेल्याला आधी मिळणं हे पक्षपात नसतो. पण वेटर परत फिरकतच नाही तेव्हा कारण बऱ्याचदा फारच साधं असतं, चिठ्ठी त्याच्या खिशातच राहिलेली असते आणि किचनला तुमचा पत्ताच नसतो! म्हणून "अजून किती वेळ?" असं विचारूच नका, त्याचं उत्तर जगात कुठेही गेलात तरी "पाच मिनिटं" हेच येतं. "आमची ऑर्डर किचनला गेलीये का, जरा बघून सांगता का?" असं विचारा. म्हणजे त्याला आत जाऊन बघावंच लागतं.

आणि तुम्हाला एवढा संताप का आला यातही तुमचं काही चुकलेलं नाही. सर्व्हिसवर काम करणारे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये ताटकळण्याबद्दल लिहून ठेवलंय की किती वेळ थांबायचंय ते माहीत नसलं, का थांबायचंय ते कुणी सांगितलं नाही आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. तुमच्या टेबलावर तिन्ही एकदम! मालकाने मोबाईल खाली ठेवून येऊन "आज एकच कुक आहे, अर्धा तास लागेल" इतकं जरी सांगितलं असतं तरी तुम्ही हे पत्र लिहायला बसला नसता असं मला वाटतं.

चुकीच्या डिशचं म्हणाल तर तिला चमचा लावायचा नाही, बस. अर्धी खाऊन तक्रार केली की समोरच्याच्या हातात आयतं कोलीत. आणि त्या पोराशी हुज्जत घालू नका, बिलातून काही काढायचा अधिकार त्याला नसतोच, उलट त्याच्या पगारातून कापतील की काय या भीतीने तो "तुम्हीच सांगितलं होतं" वर अडून बसतो. सरळ गल्ल्यावर जायचं, आवाज न चढवता एकच मागणी करायची, "ही आमची डिश नाही, बदलून द्या, वेळ लागणार असेल तर बिलातून काढा." ऑर्डर झाली, सर्व्हिस झाली, पंखा झाला, मागच्या वेळचंही झालं, असा पाढा वाचलात तर मालक नुसता "सॉरी सॉरी" म्हणतो आणि हातात काहीच पडत नाही. पुढच्या वेळी ऑर्डर देऊन झाली की त्याला ती परत वाचून दाखवायला लावा, निम्मी भांडणं तिथेच संपतात.

आता स्टार. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी २०११ मध्ये सिएटलमधल्या रेस्टॉरंट्सचा आणि येल्प या रिव्ह्यूच्या साइटचा अभ्यास मांडला, त्यात रेटिंग एका स्टारने वाढलं की कमाई साधारण ५ ते ९ टक्क्यांनी वाढलेली दिसली, पण हे फक्त स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बाबतीत, मोठ्या चेनवाल्यांना काही फरक नाही. म्हणजे तुमच्या स्टारमध्ये दम आहे बरं का! त्यात छोट्या ठिकाणी रिव्ह्यू असतात मोजके, दहा जणांची सरासरी ४ असेल तर तुमच्या एका स्टारने ती ३.७ वर येते, तेच हजार रिव्ह्यू असले तर ढिम्म हलत नाही.

म्हणून मी आधी मालकाला गाठेन, तेही गर्दीच्या वेळी नाही, दुपारी उशिरा खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा. शहरात माणूस दुसरीकडे जातो आणि विषय संपतो, तुम्हाला परत तिथेच जायचंय, तर बोलण्यावाचून सुटका नाही, आणि मुलींच्या शाळेच्या गेटवर भेट होणारच आहे तर मनात ठेवून हसण्यापेक्षा सांगून हसलेलं बरं. त्याने उडवून लावलं तर मग खुशाल लिहा, कुठल्या वारी किती वाजता गेलो आणि काय झालं एवढंच. त्या पोराचं नाव नको, फोटो तर अजिबात नको.

प्रश्न: मी दुसऱ्या बाजूचा माणूस, छोटं रेस्टॉरंट चालवतो. रविवारी नेमका कुणीतरी येत नाही, मग दोघातिघांवर सगळा हॉल. लोक चिडतात ते कळतं, पण माणसं मिळतच नाहीत त्याला काय करू? – एक मालक

उत्तर: दादा, माणसं कमी त्या दिवशी टेबलंही कमी ठेवा! सगळेच हे उलटं करतात, दारात आलेला जाऊ नये म्हणून सगळ्यांना एकदम बसवतात आणि मग वीस चिठ्ठ्या एकाच वेळी एका कुकच्या अंगावर जाऊन पडतात. थोड्या थोड्या वेळाने बसवा, बाहेर थांबलेला माणूस वेळ सांगितली तर थांबतो, पण आत बसवून विसरलात की पेटतो. आणि वेळ सांगताना जरा जास्तच सांगा, वीस मिनिटं लागणार असतील तर पंचवीस म्हणा, पाच मिनिटं आधी आलं की तोच माणूस खूश. त्या दिवसापुरता मेन्यूही छोटा करा, एक पान पुरे, आणि जे नाही ते ऑर्डर घेतानाच सांगा, अर्ध्या तासाने येऊन "ते संपलंय" नको! बाकी पहिल्या पत्रातला मोबाईलवाला मालक तुम्ही नाही असं धरून चालते.

प्रश्न: घरी येऊन बिल बघितलं तर आम्ही न मागवलेली एक डिश त्यात होती. आता काय उपयोग? – एक वाचक

उत्तर: आहे ना उपयोग. त्याच दिवशी, त्यांचा गल्ला बंद व्हायच्या आत फोन करा, बिलावरचा नंबर, टेबल आणि वेळ सांगा आणि केओटीच्या कॉपीशी ताडून बघायला सांगा. किचनला जी चिठ्ठी गेलीच नाही ती डिश बिलात कशी आली याचं उत्तर मग त्यांना द्यावं लागतं. आठवड्याने गेलात तर चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेलेल्या असतील. आणि हो, बिलाचा फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची छपाई हळूहळू पुसट होत जाते.