डोव्हटेल जिगमध्ये १ लाख १७ हजार घालू का? हुडकेश्वरच्या सुतारभाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात इथे लिहितो. हुडकेश्वरला भाड्याच्या शेडमध्ये तुमचं फर्निचरचं काम आहे, सोबत एक हेल्पर, सगळं जाऊन महिन्याला हातात साधारण ४५,००० पडतात, बँकेत १,२०,००० ची एफडी आहे आणि डोक्यावर कर्ज नाही. सागवानी ड्रॉवरचे डोव्हटेल (कोपऱ्यात एकमेकांत अडकणारे, पाखराच्या शेपटीच्या आकाराचे जोड) तुम्ही अजून करवत-पटाशीने हाताने कापता, एका ड्रॉवरच्या चार कोपऱ्यांना तीन तास जातात, आणि आता दुकानदाराने बाहेरून येणारा मोठा डोव्हटेल जिग (राउटरला वाट दाखवून हे जोड कापून देणारा साचा), अर्ध्या इंच कोलेटचा, म्हणजे जाड दांड्याची बिट धरणारा, राउटर (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं मशीन), बिट्स आणि डस्टसाठी व्हॅक्युम असं मिळून १,१७,००० चं कोटेशन दिलंय. पैसे कुठून आणायचे याचे तीन रस्ते तुम्ही विचारून राहिले: एफडी मोडू, दुकानाची ईएमआय घेऊ, की बँकवाला म्हणतो तसं मुद्रा लोन करू.

माझं मत आधीच सांगतो. जिग घ्या, पण हा नाही. आणि मुद्राच्या कामात पुढे जायच्या आधी हे पूर्ण वाचा, कारण त्यात एक अडचण आहे जी तुम्हाला कोणीच सांगितलेली दिसत नाही.

माझे मामा लकडगंजात सुतारकाम करायचे, त्यामुळे पटाशीने डोव्हटेल बसवणं म्हणजे काय हे मी लहानपणी जवळून पाहिलंय आणि त्या कामाबद्दल मला खरंच आदर आहे. म्हणून मशीन घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मनगट आणि पाठ पन्नाशीपर्यंत टिकली पाहिजे ना. पण पैशाचा निर्णय आहे तर तो मोजून करू.

तुम्ही बिलबुकातून मागच्या १२ महिन्यांचे सॉलिड लाकडाचे ड्रॉवर मोजून पाठवले, ६२ निघाले, ही मोजणी तुम्ही केली याचा मला फार आनंद झाला कारण बहुतेक जण "खूप होतात" एवढंच सांगतात. जिगवर सेटिंग धरून एक ड्रॉवर तासाभरात होईल असं मानू, म्हणजे ड्रॉवरमागे दोन तास वाचले, वर्षाला १२४ तास. तुमचा तास किती रुपयांचा? ४५,००० भागिले २६ दिवस, रोजचे ९ तास, म्हणजे साधारण १९२ रुपये. १२४ तासांचे झाले २३,८०० च्या आसपास. म्हणजे १,१७,००० चा सेट फिटायला जवळपास पाच वर्षं, तेही वाचलेला प्रत्येक तास दुसऱ्या कामात गेला तर.

आणि खरी गोष्ट या शेवटच्या वाक्यातच आहे भाऊ. वाचलेला तास आपोआप पैसा होत नाही. शेडमध्ये काम नसेल तर वाचलेल्या दोन तासांत तुम्ही चहा प्याल, खात्यात काही जमा होणार नाही. तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या आधी दोन ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या, तर त्या दोन-अडीच महिन्यांत तुमच्या तासाची किंमत १९२ पेक्षा जास्त आहे हे मी मान्य करतो. पण पावसाळ्यात काम थंड असतं हेही तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ती किंमत शून्याकडे जाते. वर्षाची सरासरी काढताना फक्त दिवाळी डोळ्यांसमोर ठेवली की कोणतंही मशीन स्वस्त वाटतं.

आता दुसरी बाब. तुमच्या सांगण्यानुसार दहापैकी आठ कामं प्लाय आणि बोर्डची आहेत. प्लायला डोव्हटेल घालून काही फायदा नाही, थर उपटतात, तिथे स्क्रू, डॉवेल (लाकडी खुंटी), मिनिफिक्स (फिरवून आवळायचा जोड) हेच बरे. म्हणजे जिग चालणार तो उरलेल्या दोन कामांवर. तुम्ही म्हणता की आपल्याकडे बल्लारशा-आलापल्लीचं सागवान आहे, नवीन संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं, लोक पुन्हा सॉलिड लाकडाकडे वळतील. सागवानाचं नाव आहे हे शंभर टक्के खरं. पण नाव लाकडाला आहे, तुमच्या ऑर्डरबुकात अजून प्लायच दिसून राहिलं आहे, आणि हप्ता ऑर्डरबुकातूनच भरायचा असतो.

मग त्या ६२ मधले २० ड्रॉवर तर तुमच्या त्या धरमपेठच्या आर्किटेक्टचे आहेत, जो हाताने कापलेल्या डोव्हटेलचे ड्रॉवरमागे ६०० जास्त देतो. ते मशीनवर नेऊ नका! राउटरच्या बिटची मान आणि शँक (दांडा) जाड असते, त्यामुळे दोन टेलमधली (शेपटीसारख्या भागांमधली) ती बारीक सुईसारखी पिन राउटरने निघतच नाही, आणि ज्याला कळतं तो ड्रॉवर उघडल्याबरोबर तेच बघतो. त्याचे पैसे त्या बारीक पिनचे आहेत. तर जिगवर जाणारे राहिले ४२ ड्रॉवर, वाचणारे तास ८४, रुपये साधारण १६,१००. आता मोठ्या सेटचे पैसे सुटायला सात वर्षांच्या वर जातात. तेवढ्यात बिट्स किती वेळा बदलाव्या लागतील ते वेगळंच, सागवानात सिलिका असते, ती कार्बाइडची धारसुद्धा लवकर मारते.

म्हणून माझा सल्ला असा की फिक्स कंगव्याचा (दात ठरलेल्या अंतरावर असलेल्या पट्टीचा) साधा हाफ-ब्लाइंड जिग घ्या, म्हणजे समोरून जोड दिसत नाही असा डोव्हटेल कापणारा. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या कोटेशनमध्ये तो १२,००० ला आहे, मध्यम राउटर ११,०००, दोन डोव्हटेल बिट आणि गाइड बुश (राउटरला कंगव्याच्या कडेने चालवणारी कडी) ४,०००, प्रॅक्टिसचं लाकूड, मास्क आणि कानाचे मफ धरून ३,०००. झाले ३०,०००. मोठा आणि छोटा जिग यांत वेगाचा फारसा फरक नाही, फरक आहे तो पिनचं अंतर आपल्या मनाने ठेवता येण्याचा आणि आरपार डोव्हटेल काढता येण्याचा. ड्रॉवरच्या पुढच्या पट्टीला हाफ-ब्लाइंडच लागतो, तो छोट्यावर होतो, बाजू आणि पुढची पट्टी दोन्ही एकदम क्लॅम्प करून एकाच वेळी कापली जाते. बंधन एवढंच की अर्ध्या इंचाच्या कंगव्याचं अंतर सहसा ७/८ इंच असतं, त्यामुळे ड्रॉवरची उंची साडेतीन, सव्वापाच अशी त्या पटीत धरावी लागते नाहीतर वर अर्धवट टेल उरते. डिझाइन करतानाच उंची तशी धरली की झालं.

३०,००० ला १६,१०० ने भागलं तर २२ महिने. आणि इथे एक फायदा आहे जो मी आकड्यात धरलेला नाही. हाताने डोव्हटेल फक्त तुम्हीच कापू शकता, जिगवर तुमचा हेल्पर कापू शकतो. तो शिकला की तुमचे दोन नाही, तीनही तास मोकळे होतात, आणि त्याचा तास ७०० रोजी आणि ९ तासांच्या हिशोबाने ७८ रुपयांचाच आहे. त्याला शिकवायला महिनाभर द्या, पहिले दहा-पंधरा कोपरे वाया जातील ते ३,००० मध्ये धरलेत. बिट खाली केली की जोड घट्ट, वर केली की सैल, हे एकदा हातात बसलं आणि जमलेल्या जोडाचा एक नमुना ठोकळा कापून ठेवला की पुढच्या वेळी सेटिंगला अर्धा तास जात नाही. त्या राउटरला दुसरं कोणतंच काम देऊ नका, सेटिंग तशीच राहू द्या. आणि दोन-दोन ड्रॉवर करण्यापेक्षा आठ-दहा एकदम कापा, तरच ड्रॉवरमागे एक तास हा आकडा खरा ठरेल.

एक छुपा खर्च मात्र बघा. जिगला सगळ्या पट्ट्या एकसारख्या जाडीच्या, सपाट आणि काटकोनात लागतात. हाताच्या रंध्याने अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे झालं तर पटाशीने तुम्ही सांभाळून घेता, जिग सांभाळत नाही. तुमच्याकडे थिकनेस प्लॅनर (लाकूड एकसारख्या जाडीला रंधणारं मशीन) नाही, म्हणजे लकडगंजातल्या मिलवर जॉबवर्कने करून आणावं लागेल, त्याचा दर आणि ने-आणीचा खर्च विचारून ड्रॉवरमागे किती पडतो तो लिहा. तो ६०-७० च्या वर गेला तर वरचे २२ महिने लांबतील आणि मला परत कळवा. राउटर घेताना गाइड बुश त्याच्या बेसमध्ये बसतो का हेही दुकानातच बसवून बघा, बऱ्याचदा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो.

दुकानदार म्हणाला की जीएसटी परत मिळेल आणि टॅक्सही वाचेल. तुमच्या बाबतीत दोन्ही नाही. वर्षाची उलाढाल १४ लाख आहे, वस्तूंसाठी नोंदणीची मर्यादा ४० लाख, तुम्ही जीएसटीत नाहीच, तर १८ टक्के हा सरळ तुमचा खर्च. आणि ५ लाख ४० हजारांच्या नफ्यावर नव्या रिजीममध्ये रिबेटमुळे तसाही टॅक्स शून्य आहे, शून्यातून काय वाचणार. त्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, मोठ्या कारखान्याला जे सांगतात तेच तुम्हालाही सांगितलं.

आता पैसे कुठून. एफडीला हात लावू नका. घरखर्च २८,००० आणि शेडचं भाडं ७,०००, म्हणजे १,२०,००० हे जेमतेम साडेतीन महिन्यांचं काम आहे, आणि तुमचा धंदा हातावर चालतो, बोटाला करवत लागून तीन आठवडे बसावं लागलं तर तेच पैसे घर चालवतील. दुकानाच्या ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण किती भरणार ते लेखी मागा, आकडा बघून तुम्ही स्वतःच नको म्हणाल.

मुद्राची ती अडचण म्हणजे ही. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरींच्या यादीत सुतारकाम आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना, तारण न देता पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं, तुम्हाला व्याज फक्त ५ टक्के, वरचे ८ टक्क्यांपर्यंत सरकार भरतं. ते नीट फेडलं तर पुढे २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांचं. पण गेल्या ५ वर्षांत मुद्रासारखं स्वयंरोजगाराचं सरकारी कर्ज घेतलं असेल तर यात बसत नाही, मुद्रा पूर्ण फेडलेलं असेल तरच चालतं. म्हणजे आज घाईत मुद्रा घेतलं तर ते फिटेपर्यंत ५ टक्क्यांचा दरवाजा बंद! उलट्या क्रमाने गेलात तर काही नुकसान नाही. घरात नवरा-बायको आणि अविवाहित मुलं मिळून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकरी असलेलं घर चालत नाही, तुमच्याकडे दोन्ही अडचणी नाहीत.

आधार, बँक पासबुक, मोबाइल आणि रेशनकार्ड घेऊन जवळच्या सीएससी (सरकारी ऑनलाइन कामांच्या) सेंटरवर जा, नोंदणी तिथूनच होते. नंतर पडताळणी, मग पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, त्यात रोजचे ५०० स्टायपेंड. तुम्हाला त्या ट्रेनिंगमध्ये शिकण्यासारखं कमी असेल पण कर्जाला ते लागतंच. १५,००० चं टूलकिट व्हाउचर मिळतं, त्यात जिग येईल असं मात्र धरून चालू नका. या सगळ्याला काही महिने जाऊ शकतात, म्हणून आत्ताच नोंदणी करा म्हणजे दिवाळीच्या सीझनच्या आधी सेट हातात आला तर बरं.

कर्ज मिळतंय म्हणून पूर्ण लाख उचलू नका, ३०,००० च घ्या. १८ महिन्यांचा हप्ता साधारण १,७३० पडतो, आणि जिगमुळे महिन्याला वाचणारी रक्कम १,३४० च्या आसपास, म्हणजे महिन्याला चारशेक रुपये खिशातून जातील. ४५,००० च्या कमाईत ते पेलतं, एखाद्या थंड महिन्यातही पेलतं. लाखाचा हप्ता ५,७८० होतो, तो जुलैमध्ये जड जाईल.

मोठ्या जिगचं काय? तो वाईट नाही, मनासारखं अंतर ठेवता येणं सुंदर गोष्ट आहे आणि तुम्हाला तो का आवडला हे मला कळतं. तुमच्या आर्किटेक्टला एकदा सरळ विचारा, मशीनवर कापलेला पण अंतर बदललेला आरपार डोव्हटेल असेल तर ड्रॉवरमागे किती जास्त देणार आणि वर्षाला किती ड्रॉवर देणार. दोन्ही सेटमधला फरक ८७,००० आहे, त्याने ६०० च दिले तरी १४५ ड्रॉवर लागतात, सध्याच्या २० च्या वेगाने सात वर्षं. तो ५०-६० ड्रॉवरचं काम लेखी देत असेल तर मी स्वतः म्हणेन की दुसऱ्या कर्जातून मोठा जिग घ्या.

बँकवाल्याकडे मुद्राचे कागद दिलेत असं शेवटच्या ओळीत लिहिलंय, पण मंजूर झालं का ते लिहिलं नाही. पैसे खात्यात आले नसतील तर उद्याच जाऊन अर्ज मागे घेत असल्याचं पत्र द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर बँकेचा शिक्का घ्या. पैसे आले असतील तर सीएससीला जायच्या आधी मला फोन करा, मग ते आधी कसं फेडायचं ते बसून बघू.