पाय भरून आलेत, उद्या पळू का?

काल तळजाई टेकडीवरून पळत उतरलास आणि आज जिना उतरताना कठडा धरावा लागतोय ना? घाबरू नकोस. चढापेक्षा उतारच जास्त रडवतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त जाणवतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय असं कोणीतरी ठामपणे सांगेलच, पण ते पळून झाल्यावर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं.

तेव्हा उद्या ये, फक्त पाचही किलोमीटर सलग पळायचा हट्ट नको. पहिली 10 मिनिटं नुसतं चाल, मग गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळ. चाललेलं अंतरही आपण ग्रुपच्या पळण्याच्या चॅलेंजमध्ये धरतो, लाजू नकोस.

दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील आणि चालून सैल होत असतील तर ठीक. पण नडगीवर बोट ठेवून 'इथेच' असं दाखवता येत असेल, किंवा लंगडावं लागत असेल, तर सरळ घरी जा. चॅलेंजच्या तक्त्यात एक चौकोन रिकामा राहू नये म्हणून मी तशा नडगीने पळालो होतो. पुढचे सहा आठवडे तक्ता रिकामाच!

पेनकिलर घेऊन तर पळूच नकोस. दुखणं दबतं, इजा तशीच राहते. आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर ग्रुपवर विचारत बसू नकोस, थेट डॉक्टर गाठ.