निकालाचे टक्के कसे वाचावेत?

प्रश्न : आमच्या छोट्या गावातल्या सरकारी हायस्कूलचा निकाल 95 टक्क्यांवरून 90वर आला. शाळा घसरली का?

उत्तर : आधी पट पाहा. परीक्षेला 40 मुलं बसली असतील तर एक मूल म्हणजे अडीच टक्के. घसरण फक्त दोन मुलांची! त्यासाठी एक आजारपण आणि एक घरची अडचण पुरते. पाच वर्षांचे बसलेले आणि पास झालेले यांची वेगवेगळी बेरीज करून टक्केवारी काढा.

खरी गोम हजेरीपटात असते. नववीला 50 होते, दहावीला 40च बसले, 38 पास झाले. फलकावर 95 टक्के, प्रत्यक्षात 76. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं मात्र आधी वजा करा. कच्च्या मुलांनाही परीक्षेपर्यंत नेणारी 90 टक्क्यांची शाळा आम्हाला केव्हाही सरस वाटते.