'कन्नड' हा पैलू नव्हे

खानापूरहून प्रश्न आला आहे: वाचनालयाची मराठी-कन्नड ग्रंथसूची संगणकावर चढवताना डावीकडे भाषा, विषय, साल अशी जी पट्टी येते, त्या 'फॅसेट'ला 'फिल्टर' म्हणावं की 'पैलू'?

पैलू. पण "कन्नड हा पैलू निवडा" असं जे सर्रास लिहिलं जातं, ते आधी थांबवा. भाषा हा पैलू. कन्नड हे त्याचं मूल्य. आणि फिल्टर म्हणजे त्या मूल्यावर टिचकी मारली की होणारी गाळणी.

आता शब्दाकडे. 'पैलू'चं नातं 'पैलतीरा'तल्या 'पैल'शी जोडणारे अजून भेटतात, त्यात पदवीधर भाषातज्ज्ञही असतात. नुसता ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. पैल म्हणजे पलीकडचं. हिऱ्याच्या पैलूत पलीकडचं काय आहे? पैलू आला फारसी 'पहलू'वरून: कूस, बाजू, बरगडी. त्याचं जुनं इराणी मूळ संस्कृत 'पर्शु'चं भावंड, आणि पर्शु म्हणजेही बरगडी. आपली 'फासळी' त्याच घरातली. म्हणजे हिऱ्याचा पैलू आणि छातीची फासळी एका कुळातले! 'फॅसेट'चं मूळ असलेला फ्रेंच 'फासेत' मात्र 'चिमुकला चेहरा'. मराठीत 'पैलू' जवाहिऱ्यांनीच रुळवला असावा, असं माझं मत आहे. 'पैलू पाडणे' हा त्यांच्याच कामातला प्रयोग.

पट्टीची कल्पना खरेदीच्या संकेतस्थळांनी काढली, असं सांगणाऱ्यांना मात्र सहा-सात दशकांचा विसर पडतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांचं कोलन वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावण्याची पद्धत, १९३३ चं, मद्रासचं. लंडनच्या दुकानात मेकॅनो या खेळण्याचे सुटे तुकडे जोडताना पाहून त्यांना ते सुचलं. विषयासाठी तयार घर शोधायचं नाही. विषय पैलूंत सुटा करायचा आणि पुस्तकाचा क्रमांक त्यांतून जोडून बनवायचा. पुढे त्यांनी सगळे पैलू पाच मूळ प्रवर्गांत बसवले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. पडद्यावर हे १९९० च्या दशकात आलं, हडर्सफील्डला स्टीव्हन पॉलिट यांच्या हायब्राउझ या शोधप्रणालीमध्ये. मग बर्कलीत मार्टी हर्स्ट यांचा फ्लेमेन्को प्रकल्प. १९९९ ची एन्डेका ही शोधप्रणाली बनवणारी कंपनी, आणि तिच्याच प्रणालीवर २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाची ग्रंथसूची.

सूची बांधताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एकाच पैलूतली मूल्यं 'किंवा'ने जोडा, वेगवेगळे पैलू 'आणि'ने. मूल्यापुढचा पुस्तकांचा आकडा मोजताना त्याच पैलूतली निवड बाजूला ठेवा, बाकीच्या पैलूंची धरा. नाहीतर 'मराठी' निवडताच 'कन्नड'पुढे शून्य येतं आणि वाचकाला वाटतं, कन्नड पुस्तकंच नाहीत.

दुसरा घोटाळा खास आपल्याकडचा. प्रकाशनस्थळात 'बेळगाव', 'बेलगाम' आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं 'बेळगावी' अशी तीन मूल्यं दिसतात आणि एकाच गावाची पुस्तकं तीन ठिकाणी फुटतात. पुस्तकावर छापलेलं नाव नोंदीत तसंच ठेवा, पण पैलूसाठी गावाला एकच संकेतांक द्या आणि तिन्ही रूपं त्याच्याखाली बांधा. कन्नड लिपीतलं रूपही तिथेच.

पट्टीच्या मथळ्यावर 'पैलू' लिहा. निवड पुसायच्या बटणावर 'फिल्टर काढा' चालेल.